बंदिस्त वाघ-बिबळ्यांची विष्ठा व तीवरून होणारी गर्भपरीक्षा

गोठ्यांतील गाय गाभण आहे कीं रिकामी, हें वेळींच कळण्याचें मोल आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. देवणी अथवा लाल कंधारी गाय माजावर आली, तीस वळू दाखविला, ती फळली अशा समजुतीनें चार महिने गेले, आणि पुढें ती रिकामी निघाली, तर त्या चार महिन्यांचा चारा व श्रम वायां गेले आणि पुढचें वेतही तितकेंच लांबलें. तथापि गाईच्या बाबतींत शेतकऱ्याच्या हातीं पुष्कळ उपाय आहेत. तिच्या अंगावरून हात फिरवितां येतो, ती उलटते कीं काय हें पाहतां येतें, पशुवैद्यास बोलावून आंतून परीक्षा करवितां येते. परंतु जिच्या पिंजऱ्यांत हात घालणें म्हणजे हात गमावणें, अशी वाघीण गाभण आहे कीं नाहीं हें कसें ओळखावें? या प्रश्नाचें उत्तर अलीकडच्या शास्त्रज्ञांनीं कसें शोधिलें व त्यापासून गोठ्याच्या धन्यास काय घेतां येईल, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. मार्जारवर्गांतील कित्येक जाती आज जगांत थोड्या उरल्या असून त्यांपैकीं कांहींची संतति बंदिस्त जागेंत वाढवून पुनः रानांत सोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. ज्या जातीच्या विण्याजोग्या माद्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या, तेथें एका मादीचा एक हंगाम फुकट जाणें ही सबंध जातीची हानि होय. रक्त तपासून मादीची स्थिति कळते हें खरें. परंतु वाघिणीचें रक्त काढावयाचें तर तीस गुंगीचें औषध देऊन निजवावें लागतें व त्यांत जिवाचा धोका असतो. शिवाय एकदां रक्त काढून भागत नाहीं. आठवड्यांतून दोन-तीनदां याप्रमाणें महिनोगणती तें काढावें लागेल. भ्यालेल्या जनावराचें शरीर स्वाभाविक स्थितींत राहत नाहीं, म्हणून परीक्षेच्या त्रासानेंच परीक्षेचें फळ बिघडतें. या अडचणींतून मार्ग निघाला तो अनपेक्षित ठिकाणीं. पिंजरा झाडतांना नोकर जी विष्ठा टोपलींत भरून फेकून देत असे, तिच्यांतच वाघिणीच्या गर्भाशयाची बातमी असते.

शरीरांतील निरोप

शरीरांतील निरनिराळ्या ग्रंथि रक्तांत जीं द्रव्यें अल्प प्रमाणांत सोडतात, त्यांस संप्रेरकें किंवा हॉर्मोन असें म्हणतात. तीं जणूं रक्तावाटे धाडलेले निरोपच होत. मादीच्या अंडाशयांत बीज पिकूं लागलें म्हणजे इस्ट्रोजेन नांवाचें संप्रेरक वाढतें व जनावर माजावर येतें. बीज सुटल्यावर त्याच्या जागीं अंडाशयांत एक पिवळसर गांठ तयार होते. तीस पीतपिंड म्हणतात. या पीतपिंडांतून प्रोजेस्टेरॉन नांवाचें दुसरें संप्रेरक सुटतें व तें गर्भाशयास गर्भ धरण्यास आणि टिकविण्यास योग्य करितें.

हीं दोन्ही संप्रेरकें आपलें काम उरकून रक्ताबरोबर यकृतांत येतात. तेथें त्यांचें रूप पालटतें, पित्ताबरोबर तीं आंतड्यांत उतरतात व अखेर मलाबरोबर बाहेर पडतात. किती भाग मूत्रावाटे व किती मलावाटे जावा, हें प्रत्येक जातींत निरनिराळें असतें. घरगुती मांजरावर जे प्रयोग झाले त्यांत या दोन संप्रेरकांचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग विष्ठेवाटे जातो, मूत्रावाटे अगदीं थोडा, असें आढळून आलें. म्हणून मार्जारवर्गापुरती तरी विष्ठा हीच खरी वही होय. मात्र अन्न आंतड्यांतून जाण्यास वेळ लागत असल्यामुळें ही बातमी एक-दोन दिवसांची शिळी असते, हें परीक्षकानें ध्यानांत ठेवावें लागतें.

गाय व वाघीण यांतील भेद

गाय सुमारे २१ दिवसांनीं माजावर येते आणि वळूशीं संग होवो वा न होवो, तिचें बीज आपोआप सुटतें. मांजराच्या जातींत बहुधा तसें घडत नाहीं. वाघीण साधारणपणें तीन ते चार आठवड्यांनीं माजावर येते. परंतु नराशीं समागम झाल्यावांचून तिचें बीज सहसा सुटत नाहीं. म्हणूनच वाघ-वाघिणीची जोडी थोड्या दिवसांत अनेकवार समागम करिते. यालाही अपवाद आहेत. ईशान्य भारतांत झाडांवर राहणारा, अंगावर ढगांसारखे ठिपके असलेला जो ढगाळ बिबळ्या, त्याच्या मादीचें बीज केव्हां केव्हां नराशिवायही सुटतें असें दिसून आलें आहे.

यापुढची गोष्ट अधिक घोटाळ्याची आहे. समागम होऊन बीज सुटलें, परंतु गर्भ राहिला नाहीं, तरी मांजराच्या जातींत पीतपिंड आपलें काम चालूच ठेवितो आणि प्रोजेस्टेरॉन वाढलेलेंच राहतें. या स्थितीस खोटा गर्भ म्हणतां येईल. घरगुती मांजराचा खरा गर्भ ६३ ते ६५ दिवसांचा असतो, तर खोटा गर्भ सुमारे ४० दिवसांत ओसरतो. वाघिणीचा गर्भकाळ सुमारे साडेतीन महिन्यांचा आहे. तिच्यांतही खोट्या गर्भाचें प्रोजेस्टेरॉन हा काळ पुरा होण्याच्या पुष्कळ आधीं उतरतें. अर्थात् एका दिवसाची विष्ठा तपासून प्रोजेस्टेरॉन अधिक आहे एवढेंच कळलें, तर वाघीण गाभण आहे असा निर्णय देतां येणार नाहीं. एका दिवसाच्या पर्जन्यमापकावरून सबंध पावसाळा कसा गेला हें जसें सांगतां येत नाहीं, तसेंच हें आहे. चढ कधीं लागला, तो किती दिवस टिकला व कधीं उतरला, याची लांबच लांब नोंद मांडली म्हणजेच खरा गर्भ खोट्यापासून निराळा काढितां येतो.

नमुना घेण्याची रीत

सकाळीं पिंजरा धुण्यापूर्वीं ताजी विष्ठा वेंचतात. मूत्र लागलेला अथवा पाण्यानें भिजलेला भाग वर्ज्य करितात. जनावराचें नांव, तारीख व वेळ लिहून नमुना लागलीच गोठवून ठेवितात. कारण तो उघड्यावर राहिला तर सूक्ष्म जंतु त्यांतील अवशेष पालटून टाकितात. एका पिंजऱ्यांत दोन माद्या असल्या म्हणजे कोणती विष्ठा कोणाची हें समजत नाहीं. अशा वेळीं एकीच्या मांसांत अपाय न करणारा खाण्याचा रंग किंवा चकाकणारी बारीक भुकटी मिसळून देतात व त्या खुणेवरून ओळख पटवितात.

पुढें प्रयोगशाळेंत नमुना पूर्ण वाळवून कुटतात आणि चाळून केस व हाडांचे तुकडे काढून टाकितात; कारण त्यांचें वजन हिशेबांत आलें तर सर्व गणित चुकतें. उरलेल्या चूर्णांतून सुमारे ०.२ ग्रॅम इतकेंच तोलून घेऊन तें मद्यार्कांत उकळतात. संप्रेरकांचे अवशेष मद्यार्कांत उतरतात. मग यंत्रांत वेगानें फिरवून गाळ तळाशीं बसवितात व वरचा निवळ अर्क परीक्षेस घेतात.

या अर्कांतील द्रव्य इतकें सूक्ष्म असतें कीं कोणत्याही तराजूनें तें मोजणें अशक्य. त्याकरितां जी युक्ति योजितात, ती बैलबाजाराच्या दृष्टान्तानें समजेल. बाजारांत शंभर खुंटे आहेत असें समजा. आपण हिंगुळानें शिंगें रंगविलेले शंभर बैल तेथें आणिले आणि त्याच वेळीं बाहेरगांवचे साध्या शिंगांचे बैलही आले. खुंटे शंभरच, तेव्हां साधे बैल जितके अधिक येतील, तितके रंगीत शिंगांचे बैल खुंट्यावांचून राहतील. संध्याकाळीं खुंट्यांस बांधलेले रंगीत शिंगांचे बैल मोजले म्हणजे साधे बैल किती आले याचा अजमास होतो. प्रयोगशाळेंत खुंट्यांच्या जागीं प्रतिद्रव्यें, म्हणजे ठराविक पदार्थासच धरून ठेवणारीं प्रथिनें, असतात. रंगीत शिंगांच्या बैलांच्या जागीं रंग उत्पन्न करणाऱ्या विकराची जोड दिलेलें संप्रेरक असतें, आणि साध्या बैलांच्या जागीं अर्कांतील संप्रेरक. शेवटीं रंग फिका आला तर अर्कांत संप्रेरक अधिक, गडद आला तर कमी. या जातीच्या मोजणीची मूळ कल्पना अमेरिकेंतील रोझॅलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनीं १९५९ च्या सुमारास किरणोत्सर्गी द्रव्यांच्या साह्यानें सिद्ध केली व तीबद्दल यॅलोबाईंस १९७७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९७१ सालीं किरणोत्सर्गी द्रव्याऐवजीं विकर वापरण्याची पद्धति निघाल्यावर ही परीक्षा पुष्कळ सुलभ झाली.

हैदराबाद येथील कार्य

नांदेड व लातूर या जिल्ह्यांस या विद्येचें जवळचें मोठें केंद्र म्हणजे हैदराबाद. तेथील 'सीसीएमबी' या प्रसिद्ध जीवशास्त्रीय संशोधनसंस्थेनें संकटग्रस्त प्राण्यांकरितां एक स्वतंत्र प्रयोगशाळा अत्तापूर भागांत उभारली असून तिला संक्षेपानें 'लॅकोन्स' म्हणतात. डॉ. लालजी सिंग यांच्या पुढाकारानें निघालेली ही प्रयोगशाळा २००७ सालीं राष्ट्रपति डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्तें राष्ट्रास अर्पण झाली. तत्पूर्वीं २००६ सालीं कृत्रिम रेतनानें चितळाचें पाडस जन्मास घालण्यांत येथील शास्त्रज्ञांस यश आलें होतें.

याच प्रयोगशाळेंतील डॉ. जी. उमापथी व त्यांचे सहकारी यांनीं मोठ्या मार्जारांच्या विष्ठेवरून गर्भ व प्रजननक्षमता ओळखण्याची एक पद्धति २०१३ सालीं प्रसिद्ध केली. तिचें मर्म असें आहे. यकृतांत रूप पालटल्यामुळें विष्ठेंत मूळ प्रोजेस्टेरॉन जवळजवळ सांपडत नाहीं. सांपडतात ते त्याचे अवशेष. म्हणून नुसत्या प्रोजेस्टेरॉनकरितां घडविलेला खुंटा येथें नीट कामास येत नाहीं. या शास्त्रज्ञांनीं प्रोजेस्टेरॉनपासून होणारें एक विशिष्ट द्रव्य हेरलें व त्यासच धरणारें प्रतिद्रव्य योजिलें. पुढें हत्ती व कस्तुरीमृग यांच्या विष्ठेवरूनही गर्भाची परीक्षा करण्याचे प्रयत्न तेथें झाले. प्रत्येक जातीच्या यकृताची रीत वेगळी, म्हणून प्रत्येक जातीकरितां परीक्षा नव्यानें पारखून घ्यावी लागते, हा या कामांतील मुख्य धडा होय.

जेथें एकच खूण अपुरी पडली

हा धडा किती खरा आहे, हें स्पेन व पोर्तुगाल या देशांतील लिंक्स नांवाच्या रानमांजराच्या उदाहरणावरून कळून येईल. २००२ च्या सुमारास हें जनावर सर्व जगांत शंभराहूनही कमी उरलें होतें. त्याची पैदास बंदिस्त जागेंत करण्याचें ठरलें, तेव्हां गर्भाची परीक्षा करूं लागतांच नवी अडचण उभी राहिली. या जातींत पीतपिंड वितीनंतरही जिरून जात नाहीं. म्हणून प्रोजेस्टेरॉनवरून गाभण व रिकामी असा भेदच होईना. रक्त मिळविण्याकरितां तेथील शास्त्रज्ञांनीं ढेकणाच्या जातीचे रक्त पिणारे मोठे किडे मादीच्या निजण्याच्या जागेंत ठेवून, त्यांच्या पोटांतील रक्त काढून तपासलें. पुढें बर्लिन येथील वन्यप्राणिसंशोधन संस्थेनें विष्ठेंतीलच दुसरी खूण शोधून काढिली. प्रोस्टाग्लँडिन नांवाच्या द्रव्याचे अवशेष गर्भकाळाच्या शेवटल्या हिश्शांत विष्ठेंत वाढतात आणि खोट्या गर्भांत तसे वाढत नाहींत. ही खूण मार्जारवर्गांतील इतर जातींसही लागू पडते असें पुढें दिसून आलें.

बंदिस्त लिंक्सला पहिलीं पिलें २००५ सालीं झालीं. २०२३ सालच्या मोजणींत दोन्ही देशांत मिळून ही संख्या दोन हजारांवर गेली व २०२४ सालीं या जातीवरील संकटाची पायरी एका अंशानें खालीं आणण्यांत आली. याचें सारें श्रेय विष्ठेच्या परीक्षेस देणें योग्य होणार नाहीं. रानाची जोपासना, सशांची वाढ व लोकांचें साह्य यांचाही त्यांत मोठा वांटा आहे. परंतु कोणती मादी केव्हां विणार हें आधीं कळल्यामुळें पिलांची व्यवस्था वेळेवर लावतां येते, हें उघड आहे.

न फळण्याचीं कारणें

विष्ठेची वही केवळ गर्भच सांगते असें नाहीं. भयामुळें अथवा त्रासामुळें शरीरांत जें संप्रेरक वाढतें त्याचेही अवशेष तिच्यांत उतरतात. अमेरिकेंतील प्राणिसंग्रहालयांत असें आढळलें कीं चित्त्याच्या दोन माद्या एकत्र कोंडल्या व त्यांचें परस्परांशीं पटलें नाहीं, तर त्यांचा माजच बंद पडतो. त्यांस वेगळें केलें म्हणजे तो पुनः सुरू होतो. माद्या वांझ नव्हत्या; दावण चुकीची होती. ढगाळ बिबळ्यांसंबंधीं असें दिसलें कीं ज्यांस चढून बसण्यास उंच जागा होती व ज्यांचा रखवालदार त्यांच्यासाठीं अधिक वेळ देई, त्यांच्या विष्ठेंत त्रासाचें संप्रेरक कमी होतें. उलट ज्यांचा पिंजरा इतर हिंस्र जनावरांच्या समोर होता, त्यांच्यांत तें अधिक होतें.

रानांतल्या वाघासही हें लागू आहे. राजस्थानांतील सरिस्का येथें चोरट्या शिकारीमुळें वाघ उरले नाहींत, म्हणून २००८ पासून रणथंभोर येथून वाघ आणून सोडण्यांत आले. त्यांची वीण दीर्घ काळ मंद राहिली. उमापथी व इतर शास्त्रज्ञ यांनीं त्यांची विष्ठा तपासून २०१५ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं गुरांची चराई, लांकूडतोड व रस्त्यांची रहदारी जेथें अधिक, तेथील वाघांच्या शरीरांत त्रासाचें संप्रेरकही अधिक. किनवट-माहूरकडील पैनगंगेच्या अरण्यालगत ज्यांचीं शेतें आहेत, त्यांनीं ही गोष्ट विचारांत घेण्यासारखी आहे. चराईची सीमा पाळली तर गुरांचा जीव वांचतो, आणि वाघाचेंही चित्त स्थिर राहतें.

मराठवाड्यांतील उलट प्रश्न

कोणी असें विचारील कीं आमच्या छत्रपति संभाजीनगर येथील सिद्धार्थ उद्यानांत वाघ सहज वितात, मग ही यातायात कशाला? ही गोष्ट खरी आहे. तेथील समृद्धी नांवाच्या वाघिणीनें २०२० च्या डिसेंबरांत एका वेतास पांच छावे दिले. त्याच वर्षीं फेब्रुवारींत तेथून शक्ति व करिश्मा ही जोडी मुंबईच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानांत पाठविली व २०२१ सालीं तिला तेथें बच्चा झाला. परंतु जेथें वाघ अधिक होतात, तेथेंही प्रश्न आहेच. तो उलट आहे. जागा तितकीच, मांसाचा खर्च वाढता, आणि जवळच्या रक्ताच्या जोड्या जमण्याची भीति. गोठ्यांत खोंड अधिक झाले म्हणजे शेतकऱ्यास जें संकट पडतें, तेंच येथें समजावें. अशा ठिकाणीं मादीस गर्भरोधक दिलें तर तें लागू पडलें कीं नाहीं, आणि त्याचा असर केव्हां संपला, हें तीच विष्ठा सांगूं शकते. वीण वाढवावयाची असो वा थांबवावयाची असो, आधीं स्थिति कळली पाहिजे.

गोठ्याकरितां बोध

गाईच्या शेणांतही प्रोजेस्टेरॉनचे अवशेष उतरतात. तथापि शेतकऱ्यानें शेण घेऊन प्रयोगशाळा गांठावी असें सुचविण्याचा येथें हेतु नाहीं. ज्या जनावरास हात लावतां येतो, त्याकरितां सोपी वाट मोकळी आहे. मात्र वाघिणीच्या परीक्षेंतील जो गाभा, म्हणजे रोजची नोंद, तो गोठ्यांत जसाच्या तसा उपयोगी पडणारा आहे.

प्रत्येक गाई-म्हशीच्या नांवें वहींत एक पान ठेवावें. माजाची तारीख, वळू दाखविल्याची अथवा रेतन केल्याची तारीख लिहावी. त्या तारखेपासून १८ व्या ते २४ व्या दिवसापर्यंत पहाटे व संध्याकाळीं जनावराकडे मुद्दाम लक्ष द्यावें. ती पुनः माजावर आली तर फळली नाहीं असें समजून लागलीच पुढचा उपाय करावा. ती उलटली नाहीं एवढ्यावरून मात्र निश्चिन्त राहूं नये. म्हशीचा माज पुष्कळदां मुका असतो, विशेषतः उन्हाळ्यांत, व तो डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून दोन ते तीन महिन्यांचे दरम्यान पशुवैद्याकडून परीक्षा अवश्य करवावी. वारंवार उलटणाऱ्या जनावरास वांझ ठरवून बाजारांत नेण्यापूर्वीं उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणीं दाखवावें, आणि जातांना ती वहीही बरोबर न्यावी. तारखा समोर असल्या म्हणजे वैद्यास निदानाचा अर्धा मार्ग आयताच मिळतो.

चित्त्याच्या मादीप्रमाणें पुष्कळ वेळां दोष जनावरांत नसून त्याच्या चाऱ्यांत, दावणींत किंवा आपल्या दुर्लक्षांत असतो. तो शोधावयाचा तर अंदाजावर भिस्त न ठेवितां तारखांवर ठेवावी. वाघाच्या पिंजऱ्यांतील घाण रोज वेंचून, तिच्यावर नांव व तारीख घालणारा नोकर जें काम करितो, तें आपल्या गोठ्यांत एका वहीनें व एका पेन्सिलीनें होण्यासारखें आहे.